शेजारच्या आजींची लान्चा घेऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

एका वाचकाने इटलीतल्या तुरिनहून लिहिलं आहे. वय ४१, वाढले मुंबईत, शिकले पुण्यात, वाहन उद्योगातल्या नोकरीनिमित्त काही वर्षांपासून तिकडे आहेत. सोबत पत्नी आणि सात वर्षांची मुलगी. वडील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बॉडी शॉपला होते. आधी मूळ तुरिनची फियाट आणि मग पद्मिनी, यांचे दरवाजे बसवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. वाचक राहतात त्याच इमारतीतल्या एका वृद्ध बाई आपल्या दिवंगत पतीची गाडी विकायला काढताहेत. गाडी आहे तुरिनच्याच लान्चा कंपनीची १९६९ची फुल्व्हिया स्पोर्ट झागातो, १.३ एस. किंमत ३२,००० युरो. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने जास्त पैसे देऊ केलेत, पण गाडी तुरिनमध्येच राहावी अशी बाईंची इच्छा आहे, म्हणून महिनाअखेरपर्यंत त्या यांच्यासाठी थांबणार आहेत. पैसे हाताशी आहेत, मात्र ते पुण्यातल्या फ्लॅटसाठी जमवलेले. पत्नीचा विरोध आहे. ‘तिला गाड्यांमधलं काही कळत नाही,’ असं वाचक लिहितात. त्यांचं म्हणणं असं: अशी गाडी पुन्हा मिळणार नाही. किंमत वाढतच जाणार, तेव्हा ही गुंतवणूकच आहे. पुढेमागे ती पुण्याला नेता येईल. आणि ज्या गावच्या गाड्या वडिलांनी जन्मभर जोडल्या, त्या गावात मुलाने अशी गाडी घेतली तर वडिलांच्या कष्टांचं चीज होईल. ‘मन म्हणतं घे, घर म्हणतं नको. काय करू?’

उत्तर

नमस्कार,

पहिल्यांदा हे सांगतो, की तुमची आवड अस्सल आहे. फुल्व्हिया रस्त्यात वळून बघायला लावते, पण ती मनात भरते बॉनेट उघडल्यावर, आणि तुमच्या पत्रातली सगळी वर्णनं बॉनेटखालची आहेत. त्यामुळे ‘हा नाद सोडा’ असं मी म्हणणार नाही. अडचण एवढीच, की पत्रात तुम्ही चार कारणं एका दमात दिली आहेत आणि ती एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. एक काढलं की दुसरं डळमळतं. म्हणून एकेक सुटं करून पाहू.

‘अशी गाडी पुन्हा मिळणार नाही.’ आजींच्या नवऱ्याने जपलेली ही नेमकी गाडी पुन्हा मिळणार नाही, हे खरं. पण स्पोर्ट झागातो सगळ्या प्रकारांत मिळून सात हजारांच्या आसपास बनल्या. इटलीत, जर्मनीत, हॉलंडमध्ये त्यांतल्या काही विकायला येत असतात. आज हुकली तरी दोन-तीन वर्षांत दुसरी दिसेल, कदाचित याहून चांगली. तेव्हा महिनाअखेर ही आजींच्या सोयीची तारीख आहे, तुमच्या आयुष्यातली शेवटची संधी नव्हे. एवढं मनाशी पक्कं केलंत तरी झोप जरा बरी लागेल.

आणि या गाडीत दुर्मीळ नेमकं काय आहे, तेही बघायला हवं. फुल्व्हिया आधी चार दारांची आली, १९६३मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात. १९६५मध्ये पियेरो कास्तान्येरो यांनी लान्चाच्याच कचेरीत तिची कुपे, म्हणजे दोन दारांची आवृत्ती, आखली. ती १९७६पर्यंत बनत राहिली आणि लाखाच्या वर खपली. त्याच १९६५ साली मिलानच्या झागातो या बॉडी बनवणाऱ्या कारखान्याने त्याच सांगाड्यावर आपला पत्र्याचा अंगरखा चढवला, तो एर्कोले स्पादा यांच्या हातचा. म्हणजे इंजिन, गेअरबॉक्स, ब्रेक, स्प्रिंगा हे सगळं कुपेशी मिळतंजुळतं. त्याचे भाग क्लबांकडून, जुन्या लान्चावाल्यांकडून अजून मिळतात. दुर्मीळ आहे तो वरचा पत्रा, काचा, दिव्यांभोवतीच्या पट्ट्या, रबरं. विकणाऱ्याच्या दृष्टीने ‘दुर्मीळ’ म्हणजे जास्त किंमत. चालवणाऱ्याच्या दृष्टीने दुर्मीळ म्हणजे पुढची काच तडकली की महिनोन्‌महिने शोधाशोध. हे माहीत असूनही ती हवी असेल, तर ती आवड खरी.

आता वारशाबद्दल. पत्रात हा शब्द तुम्ही चार-पाचदा वापरला आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दडलेलं आहे.

विन्चेन्झो लान्चा यांचा जन्म १८८१चा, वालसेसियातल्या फोबेल्लो गावातला. वडिलांचा डबाबंद खाद्यपदार्थांचा धंदा होता आणि मुलाने हिशेब शिकावा अशी त्यांची इच्छा होती. पण तुरिनमधल्या त्यांच्याच घराच्या अंगणात चेइरानो यांनी वर्कशॉप थाटलं होतं. पोरगा हिशेबनीस म्हणून तिथे लागला आणि हात काळे करण्यात रमला. पुढे फियाटमध्ये गाड्यांची चाचणी घेणारा आणि शर्यती पळवणारा म्हणून त्यांचं नाव झालं. १९०६मध्ये क्लाउदिओ फोगोलिन या सहकाऱ्यासोबत त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

१९२२ची लाम्ब्दा पाहा. त्या काळी गाडी म्हणजे खाली शिडीसारखी चासी आणि वर ठेवलेली पेटी. लाम्ब्दाने चासी वेगळी ठेवलीच नाही. बॉडी हीच भार पेलणारी, पुढची दोन्ही चाकं आपापल्या स्प्रिंगवर स्वतंत्र खालीवर होणारी, आणि इंजिन व्ही-४, म्हणजे चार सिलिंडर व्ही अक्षरासारख्या दोन रांगांत, पण इतक्या अरुंद कोनाचं की दोन्ही रांगांना मिळून एकच सिलिंडर हेड पुरावं. याच घराण्यातलं इंजिन तुमच्या आजींच्या गाडीत आहे. कोन जेमतेम १३ अंशांचा, सगळं इंजिन ४५ अंशांत एका कुशीवर कललेलं, दोन कॅमशाफ्ट. त्यांतला एक सगळे इनलेट व्हॉल्व्ह उघडतो आणि दुसरा सगळे एक्झॉस्ट. या पहिल्या मालिकेतल्या झागातोचं बॉनेट पुस्तकाच्या पानासारखं बाजूला उघडतं. ते उघडून जरा वाकून बघा: एवढ्याशा १२९८ सीसीच्या यंत्रासाठी किती ओतकाम आणि किती घासकाम केलेलं आहे. हिशेबाने चालणारा कुठलाही कारखाना हे असं करणार नाही. लान्चाने हिशेबाने चालायचं नाही असंच जणू ठरवलं होतं.

आणि त्याची किंमत त्यांनी दोनदा मोजली. विन्चेन्झो १९३७मध्ये अचानक गेले. पुढे मुलगा जान्नी याच्या हाती कारभार आला. त्याच्या काळात १९५०ची ऑरेलिया आली, तिच्यात फ्रान्चेस्को दे व्हिर्जिलिओ यांचं व्ही-६ इंजिन, नेहमीच्या विक्रीच्या गाडीत बसवलेलं जगातलं पहिलं. मग फॉर्म्युला वनची डी-५०, तीही वित्तोरियो यानोंसारख्या माणसाच्या देखरेखीखाली. गाडी अप्रतिम होती, पण तिजोरी रिकामी झाली. १९५५च्या मे महिन्यात त्यांचा मुख्य ड्रायव्हर आल्बेर्तो आस्कारी मोंझाला फेरारीची गाडी चालवून बघत असताना गेला. त्याच वर्षी लान्चाने शर्यतीच्या सगळ्या गाड्या फेरारीच्या हवाली केल्या. १९५६मध्ये फांजिओ विश्वविजेता झाला तो याच डी-५०च्या वंशातल्या गाडीत, पण फेरारीच्या नावावर. कंपनी लान्चा कुटुंबाच्या हातून गेली आणि सिमेंटवाले कार्लो पेझेंती मालक झाले. त्यांच्या काळातही आन्तोनियो फेस्सिया यांच्यासारख्या अभियंत्यांनी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या फ्लाविया, फुल्व्हिया काढल्या. पुन्हा उत्तम, पुन्हा महाग, पुन्हा कर्ज. १९६९च्या ऑक्टोबरात फियाटने लान्चा विकत घेतली, शेअरमागे एक लीरा अशा नाममात्र दराने. कर्जं मात्र फियाटच्या गळ्यात आली.

तुम्हाला दिसलेल्या गाडीचं साल बघा: १९६९. ज्या वर्षी ती बनली त्याच वर्षी तिचा कारखाना कर्जापायी विकला गेला. लान्चाचा वारसा सांगताना लोक साँद्रो मुनारीने १९७२मध्ये फुल्व्हिया १.६ एचएफ घेऊन जिंकलेली मोंटे कार्लो रॅली सांगतात, त्यानंतरच्या स्ट्रातोस आणि डेल्टा या लान्चाच्याच गाड्या सांगतात, रॅलीतली निर्मात्यांची दहा जगज्जेतेपदं सांगतात. ते सगळं खरं आहे आणि मलाही ते सांगायला आवडतं. पण पदरचं किती आहे हे न बघता उत्तमाच्या मागे धावणं, हाही त्याच घराण्याचा वारसा आहे, आणि त्यात घरच्यांच्या हातून घर गेलं. फ्लॅटच्या पैशांतून ही गाडी घेताना वारशातला हा भाग नजरेआड करू नका.

आता गुंतवणूक. हे कारण तुम्ही सरळ खोडून टाका असं मी म्हणेन. गाडीची किंमत वाढत असेलही, पण गॅरेजचं भाडं, विमा, टायर, रबरी नळ्या, कार्ब्युरेटर जुळवून घेणं, वर्षाला काही ना काही निघणारं काम हे सगळं त्याच किमतीतून वजा होत असतं. शिवाय जुन्या गाड्यांच्या किमती पिढीबरोबर सरकतात. माणूस पंचविशीत ज्या गाडीचं चित्र भिंतीवर लावतो, ती तो पन्नाशीत विकत घेऊ बघतो. आज पन्नाशीत असलेल्या इटालियन माणसाच्या भिंतीवर डेल्टा इंटेग्राले होती. फुल्व्हियावर जीव टाकणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे, आणि तिच्या गाड्या आजींच्या गाडीसारख्याच हळूहळू बाजारात येताहेत. भाव पडेलच असं नाही. पण ‘वाढतच जाणार’ हे गृहीत धरून मुलीच्या घराचे पैसे लावणं मला पटत नाही.

आणखी एक. मला वाटतं, गुंतवणुकीचं कारण तुम्ही स्वतःसाठी नाही, पत्नीसाठी तयार केलं आहे. ‘मला हवी आहे’ असं म्हणायला संकोच वाटतो, म्हणून ‘फायद्याची आहे’ असं म्हणायचं. आपल्याकडे हौसेला हिशेबाचं पांघरूण घालायची सवय फार जुनी आहे. त्याने काम सोपं होत नाही, उलट अडतं, कारण मग समोरचं माणूसही हिशेबानेच उत्तर देतं आणि हिशेबात तुम्ही हरता. एकदा साधं सांगून बघा: मला ही गाडी आवडते, तिच्यात फायदा नाही, खर्च आहे, तरी मला ती हवीशी वाटते, आपल्याला झेपेल का, हे दोघं मिळून पाहू.

‘तिला गाड्यांमधलं कळत नाही’ हे वाक्य मात्र मागे घ्या. तुम्हीच लिहिलंय, की तिने तुम्हाला तीन प्रश्न विचारले. गाडी ठेवणार कुठे? मुलगी बसणार कुठे? आणि मोठा खर्च निघाला तर तो कुठल्या खात्यातून? गाडी घेण्याआधी विचारायचे याहून चांगले प्रश्न मलाही सुचत नाहीत. झागातोची मागची सीट नावापुरती आहे. त्या काळच्या गाडीत सात वर्षांच्या मुलीला सुरक्षित बसवणं हा गंभीर मामला आहे. उघड्यावर ठेवलीत तर तुरिनचा हिवाळा आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ दोन वर्षांत पत्रा खाईल, म्हणजे बंद गॅरेज हवंच. तिच्या प्रश्नांची उत्तरं आकड्यांत कागदावर लिहा. आकडे लिहिता आले नाहीत, तर तुमचीच तयारी अजून झालेली नाही असं समजा.

पुण्याला नेण्याचा बेत मी सोडून द्यायला सांगेन. कायद्याने दार पूर्ण बंद नाही. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या आयातीचे नियम २०२५मध्ये सैल झाले, आणि २०२१च्या नियमांनुसार अशा गाडीची व्हिंटेज म्हणून नंबरांच्या व्हीए मालिकेत नोंदणी होते, शुल्क २०,००० रुपये. पण आयातीवरचे कर गाडीच्या किमतीच्या वर जातात. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशाच कारणांसाठी ती रस्त्यावर आणायची. डाव्या हाताचं स्टिअरिंग, सुटे भाग हजारो किलोमीटर लांब, आणि तिच्या व्हॉल्व्ह टायमिंगला हात घातलेला मेकॅनिक जवळपास नाही. ज्या गावात ही गाडी ओळखणारे हात आहेत तिथून तिला उचलून सदाशिव पेठेतल्या बोळात झाकून ठेवण्यात कुणाचंच भलं नाही. आजींचीही तीच इच्छा आहे. घेतलीत तर ती तुरिनची म्हणून घ्या, आणि तुम्ही परत निघाल त्या दिवशी तिथल्याच कुणाला तरी द्यायची, हे आजच ठरवा.

राहिलं वडिलांचं कारण. पत्रातला हा भाग मी पुन्हा वाचला, कारण तिथे तुमची भाषा बदलते. बाकी सगळीकडे तुम्ही युक्तिवाद करता, इथे करत नाही.

वडिलांनी कुर्ल्याला जी गाडी जोडली तिचं मूळ तुरिनचंच, फियाट ११००. आपल्याकडे ती १९६४पासून डिलाइट म्हणून आली, पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि २०००च्या आसपासपर्यंत बनत राहिली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात थांबली. ज्या फियाटने १९६९मध्ये लान्चा घेतली, तीच ही फियाट. पण दोन्ही गाड्यांमागचा विचार अगदी वेगळा होता. लान्चाचा अभियंता ‘याहून चांगलं कसं करता येईल’ असं विचारायचा. ११००चा अभियंता ‘हे कमीत कमी खर्चात, कुणालाही दुरुस्त करता येईल असं कसं करता येईल’ असं विचारायचा. म्हणूनच ती काळबादेवीच्या गर्दीत, पावसाळ्यात, तीन पाळ्यांत, स्टिअरिंगपाशी गेअर ओढत वर्षानुवर्षं चालली. तिचा भाग कुठल्याही गल्लीत मिळायचा, आणि नाही मिळाला तर बनायचा. तुरिनचा हाही वारसाच आहे, आणि तो तुमच्या वडिलांच्या हातून गेलेला आहे. त्यांच्या कष्टांचं चीज व्हायला तुम्ही लान्चा विकत घ्यायलाच हवी, असं मला वाटत नाही. त्यांनी जोडलेल्या गाड्यांनी मुंबईतली असंख्य घरं चालवली. ते चीज केव्हाच झालं आहे.

वडील हयात आहेत, असं पत्रावरून कळतं. त्यांना विचारलंत का? ‘वडिलांसाठी’ म्हणून गाडी घेताय आणि वडिलांना अजून सांगितलेलं नाही, हे मला जरा खटकलं. फोन करा. झागातोची पाहणी करायला जाल तेव्हा त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या. जन्मभर दरवाजे बसवलेल्या माणसाला दाराच्या फटी बघून गाडीला अपघात झालाय का ते कळतं. दार कसं बंद होतं त्याचा आवाज त्यांना ऐकवा. ही गाडी वडिलांच्या कामाशी खरोखर जोडायची असेल, तर विकत घेण्याआधी त्यांचं मत घेण्याइतका मान दुसऱ्या कशात नाही.

आता पाहणी कशी करायची ते जरा सविस्तर सांगतो, कारण जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्या इतरांच्याही ते उपयोगी पडेल.

फुल्व्हियाच्या बाबतीत इंजिनापेक्षा पत्रा महत्त्वाचा. इंजिन खर्चिक असलं तरी दुरुस्त होतं. सांगाडा गंजला की गाडी संपली असं धरून चाला. पुढे इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी एक वेगळी सबफ्रेम बोल्टांनी बॉडीला जोडलेली असते. ती मागच्या बाजूला जिथे फ्लोअरला मिळते तिथे गंज हटकून धरतो. गाडी लिफ्टवर चढवून त्या जागा टॉर्चने बघा, स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. दारांखालच्या पट्ट्या, मागच्या चाकांच्या कमानी, मागच्या स्प्रिंगांची टोकं जिथे बसतात त्या जागाही तशाच तपासा. नवा चकचकीत रंग दिसला तर खूश होऊ नका, काय झाकलंय ते विचारा.

झागातोत आणखी एक पेच आहे. सुरुवातीच्या गाड्यांचा सगळा पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, नंतरच्या पोलादी, पण त्यांचं बॉनेट आणि दारं अ‍ॅल्युमिनियमचीच. १९६९ची गाडी या दोन्हींपैकी कुठलीही असू शकते. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सगळीकडून फिरवा. कुठे चिकटतं, कुठे नाही, याचा कागदावर नकाशा काढा. बॉनेटवर चिकटलं, तर ते बॉनेट मूळचं नाही. पोलादी भागावर मध्येच कुठे चिकटलं नाही, तर खाली पुट्टी आहे. आणि जिथे दोन्ही धातू एकमेकांना भिडतात तिथे रंगाखाली फुगवटे आलेत का ते बघा. ओल लागली की तिथे धातू आतून कुरतडला जातो. गाडी पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची निघाली तर भाव वेगळा. आजींना हे माहीत नसेल तर तुम्ही होऊन सांगा.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. सुरू होताना येणारा निळा धूर, टायमिंग चेनची खरखर, तापमानाचा काटा, तेलाचा दाब, सगळं टिपून घ्या. ही गाडी वर्षभर जागेवरच उभी असेल तर ब्रेक, नळ्या, टायर आणि टाकीतला गाळ यांचा खर्च गृहीत धराच. आणि हे सगळं एकट्याने करू नका. तुम्ही अभियंता आहात, पण आवड असलेल्या माणसाला दोष कमी दिसतात. लान्चाच गेली अनेक वर्षं करत आलेल्या स्थानिक मेकॅनिकला पैसे देऊन न्या. तुरिनसारखी अशी माणसं दुसऱ्या कुठल्या शहरात मिळायची नाहीत.

कागद: नोंदणी पुस्तक, चासी आणि इंजिन क्रमांक, आणि पीआरए म्हणजे तिथल्या सार्वजनिक वाहन नोंदवहीत गाडी कुणाच्या नावावर आहे ते. पतीच्या निधनानंतर ती बाईंच्या किंवा वारसांच्या नावावर रीतसर आलेली आहे का, हे पहिल्यांदा बघा. मुलं असतील तर त्यांनाही ही विक्री मान्य आहे का, तेही विचारा. एएसआय या जुन्या वाहनांच्या संघटनेचं प्रमाणपत्र असेल तर विमा स्वस्त पडतो. ३० वर्षांवरच्या गाडीला तिकडे वार्षिक रोडटॅक्स माफ असतो. प्रदूषणामुळे हिवाळ्यात जुन्या गाड्यांवर जी बंधनं येतात, त्यांत ऐतिहासिक गाडीला काय सूट आहे ते तुमच्या पालिकेच्या नियमांत वाचून घ्या. मूळ नोंदीतले रंग आणि क्रमांक जुळताहेत का याची खात्री कंपनीच्या वारसा विभागाकडून करून घेता येते.

माझा कौल असा. फ्लॅटचे पैसे बाजूला ठेवून, शिवाय किमतीच्या निदान पाव भागाइतकी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी काढून, कर्ज न घेता तुम्हाला ३२,००० युरो उभे करता येत असतील, गॅरेज मिळत असेल, पाहणीत सांगाडा निरोगी निघाला आणि पत्नीने मनापासून हो म्हटलं, तर घ्या आणि चालवा. लांगेच्या टेकड्यांतून चालवा, फोबेल्लोपर्यंत घेऊन जा. यातलं एक जरी जमत नसेल, तर यंदा नको. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला तरी वाटतं, की यंदा जमणार नाही.

मग रिकाम्या हाताने बसायचं का? मुळीच नाही. फुल्व्हिया कुपे बघा. इंजिन तेच, मजा तीच, भाग सहज मिळतात, आणि आजींच्या गाडीहून खूप कमी पैशांत चांगली मिळू शकते. तेही आत्ता नको असेल, तर तुम्ही ज्या शहरात राहता त्याचा फायदा घ्या. तुमच्या गावात राष्ट्रीय मोटारगाडी संग्रहालय आहे. मिराफिओरीत व्हिया प्लावावर हेरिटेज हब आहे, तिथे लान्चा आणि फियाट शेजारीशेजारी उभ्या आहेत. बोर्गो सान पाओलोत लान्चाची जुनी उंच इमारत आहे, तिच्या पोटाखालून रस्ता जातो. मुलीला घेऊन जा. लान्चाच्या क्लबात नाव घाला, शनिवारी कुणाच्या तरी गॅरेजात जाऊन कार्ब्युरेटर उघडायला मदत करा. जुन्या इटालियन मालकांना आज विकत घेणाऱ्यांपेक्षा शिकायला येणाऱ्यांची गरज जास्त आहे. पुण्या-मुंबईतल्या वाचकांनाही हेच सांगेन, जुनी पद्मिनी घेणाऱ्यांनाही: आधी कुणाच्या तरी गाडीवर हात बसवा, मग स्वतःची घ्या.

आजींना काय सांगायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. महिनाअखेरची वाट बघू नका, या आठवड्यातच भेटा. पाहणीसाठी मेकॅनिक आणायची परवानगी मागा. नको म्हणाल्या तर विषय तिथेच संपवा. घ्यायची नसेल तर स्पष्ट नाही म्हणा, म्हणजे त्यांना व्यापाऱ्याशी किंवा दुसऱ्या कुणाशी बोलता येईल. त्यांची खरी इच्छा गाडी गावात राहावी ही आहे, आणि त्यासाठी तुम्ही ती विकत घेणं हा एकच मार्ग नाही. तुरिनमधल्या लान्चा क्लबाला कळवा, ओळखीच्या मेकॅनिकला विचारा, त्यांच्यासाठी गावातलाच एक चांगला मालक शोधून द्या. आणि घेणार असाल, तर ‘कधीच विकणार नाही’ असं वचन भावनेच्या भरात देऊ नका. ‘विकायची वेळ आली तर आधी तुरिनमध्ये विचारीन’ एवढं सांगा. ते तुम्हाला पाळता येईल.